सावद्याहून धुळ्याला, आमच्याच केळीच्या बागेचा सिनेमा बघायला

धुळ्याला जाण्यात माझी काहीच हौस नव्हती, हे आधीच सांगतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कापसाचा हंगाम होता. आमच्या हिच्या भाच्याचं धुळ्याहून पोस्टकार्ड आलं : ‘आत्याचा सिनेमा इथे लागला आहे. दुपारचा एकच खेळ असतो. गुरुवारी शेवटचा.’ पोस्टकार्ड बुधवारी संध्याकाळी हातात पडलं.

“तुमी येत नही तं मी येकली जाईन,” ही म्हणाली आणि पिशवी भरायला बसली.

आत्याचा सिनेमा म्हणजे काय, ते सांगावं लागेल. त्याच्या दोन वर्षं आधी परदेशी आणि आपल्याकडची अशी मिळून सिनेमावाली मंडळी सावद्याला आली होती. मुलांसाठी जादूचा सिनेमा होता. दोन मुली, एक गोरी आणि एक आपली, सूर्य जिथे झोपतो ती जागा शोधायला निघतात, अशी काहीतरी कथा. त्यांना जंगल पाहिजे होतं. माझी केळीची बाग त्यांना जंगल वाटली. दोन दिवस काम होतं. पहिल्या दिवशी आमच्या हिला नवं लुगडं नेसवून जंगलातली म्हातारी केलं. तिने त्या गोऱ्या मुलीला केळ द्यायचं आणि एक वाक्य बोलायचं. तिने ते छान केलं. तेच दुसऱ्या दिवशी जवळून घेणार होते.

त्याच संध्याकाळी निरोप आला की आपल्याला वॅगन लागली, म्हणजे माल न्यायला रेल्वेचा डबा मिळाला. केळीवाल्याला विचारा, वॅगन लागली म्हणजे काय. ती थांबत नाही. माल पिकला तर उकिरड्यावर जातो. मी पहाटेच माणसं लावून सगळे घड कापले आणि स्टेशनवर माल पाठवून दिला. झाडं होती तशीच उभी होती. माझ्या मते जंगल जागेवर होतं.

दहा वाजता ती उंच परदेशी बाई, जी सगळ्यांना सूचना देत होती, बागेत आली आणि बांधावर मटकन बसली. दुभाष्या म्हणाला, “नाना, काल इथे फळं होती हो!” मी म्हटलं, “फळं गेली, जंगल आहे की.” त्यावर आमची ही सगळ्यांसमोर मला बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

नंतर गावात मी सांगत राहिलो की सिनेमावाल्यांनीच दिवस नीट सांगितला नव्हता. ही गावात सांगत राहिली की सिनेमात ती केळ देताना दिसणार आहे. घरात त्यावर ती एक शब्द बोलली नाही. आता धुळ्याला जाऊन एकच कळायचं होतं : हिचं ते केळ देणं सिनेमात राहिलं, की माझ्या कापणीत तेही कापलं गेलं.

गुरुवारी पहाटे निघालो. मी कुलूप तीनदा ओढून पाहिलं. भुसावळपर्यंत ठीक. जळगावला गाडी बदलायची. वाचणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं : जळगावहून धुळ्याला एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी गाडीच पकडा. मी ‘धुळे’ वाचलं आणि चढलो. गाव सुटल्यावर गाडी भलत्याच रस्त्याला वळली.

“अहो, ही धुळ्याचीच ना?” मी कंडक्टरला विचारलं.

“धुळ्याचीच, नाना. धरणगाव, अमळनेर करत जाते.”

“मग चढताना का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं धुळ्याला जाते का. जाते!”

मागचे दोघे हसले. धरणगावला जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, रस्त्याच्या मधोमध. बैल सोडलेले, गाडीवान सावलीत. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि खाली उतरून विडी ओढू लागला. मी घड्याळ बघत होतो. हिने शांतपणे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या काढल्या.

“खेळ चुकेल,” मी म्हटलं.

“घाई तुमाले येकाच कामाची असते,” ती म्हणाली आणि पुरी पुढे केली. भरीत चांगलं झालं होतं. मी पुरी हातात धरून गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिलो.

धुळ्याला पोचलो तेव्हा खेळाला दहा मिनिटं होती. रिक्षावाल्याने पांझरेच्या पुलावरून उगाच फिरवून नेलं, असं मला अजूनही वाटतं. थिएटरच्या दारातला माणूस हात आडवा करून म्हणाला, “आबा, बठ्ठी तिकिटं ग्यात. आज शाळाना पोरं शेतस.” सगळी तिकिटं मुलींच्या एका शाळेने घेतली होती.

“मी सिनेमात आहे,” ही म्हणाली.

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अक्का, तुम्ही सिनेमात, मंग मी बी राजा शे!”

मी परत फिरायला तयार होतो. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. पण मुलींना आत सोडणाऱ्या शाळेच्या बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “आमच्या दोन मुली आज आल्या नाहीत. या, आजी, तुम्ही बसा.”

आत पंखे बंद, मुलींचा कलकलाट. बसायला लाकडी खुर्च्या, त्यातली माझी मोडकी. सिनेमा हिंदीत बोलत होता. डोंगर, उडणारी होडी, धूर. मग आमची बाग आली. घडांनी लगडलेली, ओळखू येईना इतकी गर्द. गोरी मुलगी धावत आली. ही पुढे सरकून बसली. आता केळ देणार.

मुलगी धावतच निघून गेली. म्हातारी आलीच नाही.

मी हिच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर अंधार झाला, कुणीतरी मोठ्याने घोरलं, आणि उजाडलं तेव्हा तीच बाग बोडकी. एकही घड नाही. राक्षसाने एका रात्रीत सगळं जंगल खाल्लं होतं! आणि मग ही आली. भिंतीएवढं तोंड. बोट वर करून, डोळे लाल करून ती राक्षसाला शिव्याशाप देत होती. आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा, हिंदी. पण मी तिथे उभा होतो. ते बोट कुणाकडे होतं, ते मला माहीत होतं. बागेत ही मला बोलली, तेव्हा त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला होता.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीने हिला ओळखलं. “आजी, तुम्हीच ना? मग तो राक्षस सापडला का?”

“सापडला,” ही म्हणाली. “माह्याच बाजूले बसेल आहे.”

बाहेर पडून स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट इतकी की दोनदा पाणी मागावं लागलं. मी म्हटलं, “तोंड तरी केवढं मोठं दिसलं तुझं.”

ती भाकरी कुस्करत राहिली. मग म्हणाली, “त्या पोरीले केळ देल्हं व्हतं मी. ते नही दाखवलं. रागाचं तोंड दाखवलं. साऱ्या गावाले काय सांगू आता?”

मी उठून पैसे देऊन आलो. भाच्याकडे मुक्काम केला. सकाळी पारोळ्याच्या गाडीने, नीट विचारून, परतलो.

सावद्याला स्टँडवरच चारपाच जण उभे होते. “अक्का, दिसल्या का केळ देताना?” ही माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं, मी दिवसाचं खोटं सांगताना, ती माझ्याकडे असंच बघत आली होती, मला ते तेव्हा समजलं.

“नाही दिसली,” मी म्हणालो. “मी घड कापले म्हणून तो भाग गेला. त्यांनी दिवस नीट सांगितला होता. मीच ऐकलं नाही.”

हिने पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागली.

धुळ्याची सफर म्हणून विचाराल तर सोय वाईट, रस्ता वाईट, खुर्च्या वाईट. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर पाणी बरोबर ठेवा. त्यानंतर जितकी वर्षं शेती केली, तितकी वर्षं वॅगन लागली की मी आधी घरात जाऊन विचारायचो, कापू का? माणसं कोयते घेऊन अंगणात खोळंबलेली, स्टेशनवर वेळ होत आलेली, मी दारात एका पायावर उभा, आणि ही सावकाश चहा गाळत बसलेली.