दिनूचं गारठणारं यंत्र

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला? चहा घेता घेता ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. गाई गाभण करण्यासाठी वळूंच्या रेतमात्रा ज्यात गोठवून ठेवतात, ते द्रव नायट्रोजनचं भांडं माझ्या ताब्यात. उणे एकशे शहाण्णव अंश. त्यामुळे थंडी या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये, असा माझा समज.

माझा भाचा दिनू दूर दक्षिणेत एका दुर्बिणीवर कामाला. गणपतीला आला तो पिशवीत पोलादी यंत्र घेऊन. वरचा दांडा फिरवला की आतली पट्टी केसभर सरकायची. पट्टीवर म्हणे ताऱ्यांचा उजेड टिपणारी चकती बसणार. ती गोठवून ठेवावी लागते, नाहीतर तिला स्वतःचीच ऊब दिसते.

"ऊब दिसते?"

"दिसते, मामा."

मी मान डोलावली. कळलं कोणाला होतं?

सुट्टी संपताच दिनूला त्याच्या साहेबांना यंत्र तसल्या थंडीत चालवून दाखवायचं होतं. नाही चाललं तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार. मग काय, डॉक्टरांना विचारून मी रोज थोडा नायट्रोजन थर्मासमधून भाट्याला घरी आणू लागलो.

यंत्र बुडवलं. दिनूने दांडा फिरवला. पट्टी ढिम्म. बाहेर काढून तासभर ठेवलं, तर तीच पट्टी लोण्यासारखी सरकते! पुन्हा बुडवलं, पुन्हा ढिम्म.

"पट्टी आकसते की दांडा?" दिनू कागदावर कागद खरडत बसला. आम्ही दोघेही चक्रावलो.

मी मात्र माझ्या परीने काळजी घेत होतो. बाहेर काढलं की यंत्राला दव सुटायचं, आणि भाट्याचा खारा वारा तुम्हाला ठाऊकच आहे. इथे कुलूपसुद्धा चार दिवसांत गंजतं. म्हणून मी ते गुपचूप पुसायचो, खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडायचो. पहिल्यांदा बुडवायच्या आधीही सोडले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी जास्तच अडली, तेव्हा आठ सोडले.

तिसऱ्या दिवशी दिनू साहेबांना पत्र लिहायला बसला: माझी रचना चुकली, काम दुसऱ्याला द्यावं. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

"अरे, असा खचू नको. निदान तेल कमी पडलं असं तरी कोणी म्हणणार नाय. ते मी रोज घालतोय."

दिनूचं पेन थांबलं.

"कसलं तेल?"

"मशीनचं. चांगल्यातलं."

"मामा, एवढ्या थंडीत तेलाचा दगड होतो. हे यंत्र कोरडंच चालवायचं असतं."

त्याने यंत्र स्पिरिटने धुतलं, वाळवलं, बुडवलं. दांडा फिरवला आणि पट्टी सुळकन सरकली. पत्र फाडलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "कोणी दावा साधून बिघडवलंन असतं ना, मामा, तर पहिल्या दिवशी सापडलं असतं. तुम्ही मायेने बिघडवलंत, म्हणून तीन दिवस लागले."

हे कौतुक होतं की शिवी, मला अजून कळलेलं नाही.