वऱ्हाडी बोलणारं अस्वल

चार माणसं आणि एक माइक दर रविवारी एका खोलीत कोंडले, की किस्से आपोआप साठत जातात. आमचे इतके साठलेत की कुणाच्या लग्नात आम्ही चौघं भेटलो, तर पंगती उठतात, आम्ही उठत नाही.

गोष्ट अल्लीपूरची, सीडी नव्या नव्या आल्या होत्या तेव्हाची. प्रकाशभाऊंचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीतून ते गावाची केबल चालवायचे. नागपूरहून त्यांनी लहान मुलांच्या कार्टून सिनेमांची एक अख्खी मालिका आणली. परदेशात टीव्हीसाठी बनवलेले, तासा-तासाचे आठ सिनेमे. हिरो एक जाडं अस्वल, सोबतीला बदक. एका सिनेमात दोघं समुद्रावर जात, दुसऱ्यात बर्फात, तिसऱ्यात थेट चंद्रावर. पण सगळं इंग्रजीत. पोरांना ओ की ठो कळेना.

मग प्रकाशभाऊंनी ठरवलं, सिनेमाचा आवाज बंद करायचा आणि केबलला माइक जोडून मराठीत आपणच बोलायचं. लाइव्ह.

मी तेव्हा गावच्या वाचनालयात होते. सिनेमा आधी बघून गोष्ट समजावून सांगणं माझ्याकडे आणि कोल्हा, मासे, वारा असले किरकोळ आवाजही माझ्याकडे. अस्वलाला आवाज हायस्कूलच्या वानखडे सरांचा.

पहिल्याच रविवारी अस्वल कड्यावरून घसरलं आणि फांदीला लोंबकळलं. सरांनी कागदावरून वाचलं, “मित्रा, मी संकटात सापडलो आहे. सत्वर साहाय्य कर.” सरांचं वाक्य संपेपर्यंत अस्वल खाली पडून, उठून, मध खात बसलं होतं.

त्याच वेळी शालूताई दारात आल्या. त्या स्वतःच्या वावरातली भाजी घरोघर विकायच्या. टोपली खाली ठेवून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पडला ना बापा आता. काऊन चढला होता तिथं?”

माइक चालूच होता. गल्लीतल्या घराघरातून पोरांच्या हसण्याचा असा आवाज आला, की प्रकाशभाऊ बाहेर जाऊन बघून आले. त्या दिवसापासून शालूताई बदक झाल्या. अस्वलाचं इंग्रजी नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्याचं नाव त्यांनी गुलाबराव ठेवलं.

*

खोलीच्या पलीकडे प्रकाशभाऊंचं स्वयंपाकघर होतं. समुद्राचा सिनेमा चालू होता, जहाज बंदरात उभं, आणि नेमकी वहिनींच्या कुकरची शिटी माइकमध्ये घुसली. सरांनी कपाळाला हात लावला. शालूताई मात्र शांत.

“जहाजाची शिटी झाली, गुलाबराव,” बदक म्हणालं. “तीन झाल्या का निघू.”

वहिनींना हे ऐकू गेलं. आपल्यामुळे घोटाळा झाला म्हणून त्या घाबरल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. जहाज एकाच शिटीवर निघालं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वाचनालयात येऊन मला म्हणाली, “मॅडम, त्याईची डाळ कच्चीच राह्यली असन ना?”

*

गावात खरे गुलाबराव होते, ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. कापडाचे व्यापारी, भारदस्त माणूस, पांढरंशुभ्र धोतर. एका रविवारी सिनेमा सुरू असतानाच ते खोलीत आले.

“प्रकाश, माहा नातू मले पाहून इचारते, आबा, तुमचं बदक कुठं हाये. हे काय चालून राह्यलं?”

प्रकाशभाऊंनी त्यांना हात जोडून खुर्ची दिली आणि पुढच्या रविवारपासून नाव बदलतो म्हणाले. गुलाबराव बसले. पडद्यावर पूर आला होता. अस्वलानं एकट्यानं ओंडके टाकून बांध घातला, गाव वाचवलं, सगळ्या प्राण्यांनी त्याला हार घातला. गुलाबरावांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मग उठले, धोतराचा सोगा सावरला.

“नाव राहू दे,” ते म्हणाले. “पण चड्डी घाला त्याले.”

*

एकदा सीडी अडकली. अस्वलानं नदीत उडी मारली आणि ते हवेतच थांबलं. प्रकाशभाऊ मशीन थापटू लागले. तिकडे घरोघर पोरं वाट बघत असणार.

“गुलाबराव, पडून काऊन नाई राह्यले?” बदकानं विचारलं.

“विचार करून राह्यलो,” सर म्हणाले. तोवर तेही सुधारले होते.

अस्वल बराच वेळ तिथंच होतं. तेवढ्या वेळात सरांनी गुरुत्वाकर्षण शिकवून घेतलं.

*

आणि एका रविवारी फोन वाजला, प्रकाशभाऊंनी उचलला. बाजारओळीतल्या कविताचा होता. तिला धाप लागली होती आणि ती इतक्या मोठ्यानं बोलत होती, की आम्हालाही ऐकू येत होतं. तिच्या पाच वर्षांच्या सोनीनं टीव्हीच्या खोलीची कडी आतून लावली होती आणि आता तिला ती उघडता येत नव्हती. खिडकीला जाळी. पोरगी रडून रडून निळी पडली होती. सुताराला बोलवायला माणूस गेला होता, पण सुतार हिंगणघाटला गेला होता.

“दारातून सांगून राह्यली, तर ऐकतच नाई,” कविता म्हणाली. “टीव्ही तेवढा चालू हाये आत.”

पडद्यावर त्या वेळी गुलाबराव पोहत होते आणि मागे भला मोठा मासा लागला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला कागद त्यांनी खाली ठेवला.

“सोनी,” सर म्हणाले. “बाजारओळीतली सोनी. मी गुलाबराव बोलून राह्यलो. पहिले डोळे पूस.”

“फ्रॉकनं पूस,” बदकानं सांगितलं.

“आता दाराजवळ जा. कडीची दांडी वर उचल. उचलली? आता तुह्याकडं ओढ.”

मासा जवळ येत होता, मी माशाचा आवाज काढायचा विसरले होते. फोनचा रिसीव्हर प्रकाशभाऊंच्या कानाला. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, “उघडलं.”

शालूताई माइक सोडून पदरानं तोंड पुसत बसल्या.

संध्याकाळी कविता सोनीला घेऊन आमच्याकडे आली. आमच्यासमोरच तिनं पोरीला विचारलं, “मी दाराशी एवढी बोंबलून राह्यली होती. माहं काऊन नाई ऐकलं?”

सोनीनं जरा विचार केला.

“तू कुठं दिसून राह्यली होती?”