दारात थांबलेली रांग

आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा काल आमच्या शाळेत सराव झाला. घंटा वाजली आणि दुसरीची मुलं वर्गाच्या दारातच थांबली. चपला-बूट बाहेर काढून वर्गात बसायची आमच्याकडे पद्धत आहे. सगळ्यांत पुढची मुलगी खाली बसून बुटाचं बक्कल लावत होती आणि मागची रांग निमूट वाट बघत होती.

"अगं, तशीच पळ," मी म्हणालो.

"सर, अनवाणी मैदानात गेलं की तुम्हीच रागावता," ती मान वर न करता म्हणाली.

मागून कुणीतरी पुस्ती जोडली, "आणि ढकललं तरी रागावता."

खरं होतं ते. शिस्त लागली की मुलं सुरक्षित राहतात, असं मी मानत आलो. अशी सरळ रांग पाहिली की मला समाधान वाटायचं. काल तीच रांग पाहताना अपराधी वाटलं. घाबरून धावत सुटणं मुलांना उपजतच येतं. ते आम्ही रोज थोडं थोडं काढून घेतो आणि त्याला वळण म्हणतो. व्हरांड्यात धूर नव्हता, सकाळचं कोवळं ऊन होतं.

बक्कल लागलं. ती उठली, स्कर्ट झटकला आणि माझ्याकडे पाहत तिनं विचारलं, "सर, आता जाऊ?"