मी ओळखलेला माणूस

स्वातंत्र्यानंतरची चार वर्षं मी बोदवड स्टेशनावर तिकिटं दिली. तिकिटाची खिडकी लहान होती. समोरच्याचा हात आणि हनुवटी दिसे. चेहरा बघायचा तर मला वाकावं लागे, आणि मी सहसा वाकत नसे.

एका दुपारी मात्र वाकलो. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, भुसावयनी गाडीले कितला येळ शे?" मी धुळ्याकडचा. बोदवडकडची माणसं 'हाये' म्हणतात, 'व्हतं' म्हणतात. आमच्याकडचं 'शे' मला तिथे महिनोन्‌महिने ऐकायला मिळत नसे. म्हणून वाकलो. डोक्याला रुमाल, वाढलेली दाढी, काळासावळा रंग. अशी माणसं दर गाडीला वीसेक तरी असत. "अर्धा तास शे," मी म्हटलं. त्याने तिकीट घेतलं आणि गेला. आपल्या बोलीत दोन शब्द बोलायला मिळाले म्हणून मला बरं वाटलं.

त्याच दुपारी शेजारच्या गावातल्या एका मोठ्या बागाईतदाराचा त्याच्याच केळीत कुऱ्हाडीने खून झाला होता. ते आम्हाला संध्याकाळी कळलं. त्याच्या खिशातलं साखळीचं घड्याळ गेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा सालदार भांडून काम सोडून गेला होता, आणि अख्खं गाव त्या भांडणाला साक्षी होतं. त्यामुळे पोलिसांना फार शोधावं लागलं नाही. सालदाराची बहीण रावेरकडे दिली होती. तिथून त्याला धरून आणला. रावेरला जायचं तर भुसावळला गाडी बदलावी लागते. खुनाच्या दुपारी भुसावळचं तिकीट कुणी काढलं, हे विचारायला हवालदार माझ्याकडे आला.

मी आठवलं ते सांगितलं. तो माणूस आमच्या बोलीत बोलला, हेही सांगितलं.

"म्हणजे काय लिहू?" हवालदाराने विचारलं.

"लिहा, कितला येळ शे."

"सरकारी कागदावर असलं लिहीत नाहीत," तो म्हणाला, आणि त्याने लिहिलं: 'भुसावळला जाणाऱ्या गाडीस किती अवकाश आहे, असे सदर इसमाने विचारले.' मग जबाब वाचून दाखवला. अर्थ तोच होता. मी बरोबर आहे म्हटलं.

दोन दिवसांनी फौजदारांनी चौकीत बोलावलं. ओसरीच्या बाकावर एक माणूस बेड्या घालून बसला होता. फौजदार सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाकाकडे बघून म्हणाले, "हाच तो. नीट बघून ठेवा." मी नीट बघितलं. रुमाल नव्हता, पण दाढी होती आणि रंग तसाच होता.

पुढच्या आठवड्यात ओळख परेड झाली. मामलेदारांनी दहा माणसं ओळीत उभी केली होती. मी चौथ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दहांमधला तेवढाच एक मी आधी पाहिलेला होता. मामलेदारांनी विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "आहे." खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. खिडकीतला चेहरा आठवायला गेलो की बाकावरचाच चेहरा समोर येई.

खटला जळगावला सेशन कोर्टात चालला. आरोपीला सरकारने दिलेला एक तरुण वकील होता. त्याने मला विचारलं, इतके प्रवासी येतात, हाच कसा लक्षात राहिला? मी म्हटलं, याने गाडीची वेळ विचारली. "ती तर सगळेच विचारतात," वकील म्हणाला. कोर्टात थोडा हशा झाला. कशी विचारली, हे त्याने विचारलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, असं पोलिसांनी मला कोर्टाबाहेर बजावलेलं होतं.

परतीची गाडी उशिरा होती म्हणून मी कोर्टातच मागे बसून राहिलो. शेवटी आरोपीला विचारलं, तुला काय सांगायचंय? तोवर त्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तो उठून म्हणाला, "साहेब, मी त्या दिवशी बोदवडले नव्हतोच. बहिनीच्या घरी व्हतो. तिले इचारा."

बहिणीला आधीच विचारून झालं होतं. ती बहीण होती म्हणून तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मी ऐकत होतो ते त्याचं 'व्हतो'. इथलाच माणूस, इथलीच बोली. माझ्या खिडकीवर बोलला तो हा नव्हे, हे मला एका शब्दात कळलं. उभं राहून ते सांगावं असं वाटलं. पण शिरस्तेदार कागद गोळा करत होते, न्यायाधीश उठायच्या बेतात होते आणि माझी साक्ष संपली होती. मी बसून राहिलो. मग स्टेशनावर गेलो.

फाशीची शिक्षा झाली. मी वर्तमानपत्रात वाचलं. निकालात माझ्याबद्दल लिहिलं होतं की साक्षीदार सुशिक्षित आहे, सरकारी नोकर आहे, आरोपीशी त्याचं वैर नाही, त्याला खोटं बोलण्याचं कारण नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

त्यानंतर चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी रजा काढून मी त्या वकिलाकडे जळगावला गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याला दोन्ही बोली येत नसतील कशावरून?" तो म्हणाला. "असं कोर्ट विचारील."

"मी चुकलो असं सांगेन."

"तेव्हा शपथेवर एक सांगितलंत, आता दुसरं सांगाल. नोकरी जाईल तुमची. आणि अशा कागदाचा उपयोग होईलच असं नाही."

तरी त्याने प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि मुंबईला अपिलाबरोबर जोडलं. हायकोर्टाने शिक्षा कायम केली. माझ्या कागदाबद्दल निकालात एक ओळ होती, की साक्षीदाराला मागाहून दया आलेली दिसते. नोकरी गेली नाही. माझी फक्त बदली झाली, तीही धुळ्याला, म्हणजे घरीच.

दयेचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. त्या वेळात धुळ्याजवळ आग्रा रोडवर एका गाडीवानाला मारहाण करून लुटणारा माणूस पकडला गेला. त्याच्या घरी त्या बागाईतदाराचं नाव कोरलेलं साखळीचं घड्याळ सापडलं. कापसाच्या हंगामात तो बोदवडकडे मजुरीला गेला होता. त्याने सगळं कबूल केलं. हे घड्याळ त्याने तापीत टाकलं असतं, तर पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. महिनाभर कागद हलले आणि सालदार सुटला. मी केलेल्या कशामुळेही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी रावेरकडे गेलो. त्याच्या बहिणीच्या गावात केळीचे घड बैलगाडीत भरत असलेल्या एका माणसाला मी तिचं घर विचारलं. हातातला घड तसाच धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही तिकीटवाले," तो म्हणाला.

मी त्याला ओळखलं नव्हतं. दाढी नव्हती, केस बरेच पिकले होते. मी म्हटलं, "मी चुकलो."

"हो," तो म्हणाला. त्याने हातातला घड गाडीत नीट आडवा ठेवला, खाली पाला सारला. "वकील सांगत होता, तुम्ही मागून कागद केला म्हने."

"त्याचा काही उपयोग झाला नाही."

"नाही झाला." मग म्हणाला, "आतमधी मी लई इचार केला. ह्या मानसाचं मी काय बिघडवलं, असा. काहीच सापडलं नाही."

"तू काहीच बिघडवलं नव्हतंस."

"तेच तं."

मला आणखी बोलायचं होतं, पण तो घड उचलायला वळला. उन्हं चढली होती, गाडी निम्मी भरायची होती. मी विचारलं, हात लावू का? तो म्हणाला, "नको, घड दबतात." मी निंबाच्या सावलीत उभा राहिलो. गाडी भरून झाल्यावर त्याने बैल जुंपले आणि सांगितलं की बहीण घरी आहे, पाणी पिऊन जा, पण ती तुमच्याशी बोलणार नाही.

मी गेलो. तिने तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली. पाणी पिऊन मी रावेरची वाट धरली.