कोरेगाव हजर

हौशी रेडिओवाल्यांच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, वायरींची भेंडोळी आणि किस्से. भेंडोळी आमचे मिस्टर दर दिवाळीला गुपचूप भंगारवाल्याला देतात. किस्से मात्र कोणी वजनावर घेत नाही, ते माझ्याकडेच राहतात. आप्पा कोरेगाव सोडून गेल्यापासून तर ते फारच आठवायला लागलेत.

आपापल्या घरून रेडिओवर एकमेकांना निरोप पाठवणारे आम्ही तिघं. कोरेगावचे आप्पा, फौजेच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तासगावचे बापू, त्यांची द्राक्षबाग आणि अँटेना बेदाण्याच्या शेडवर. आणि सांगलीत शाळेत विज्ञान शिकवणारी मी. आम्ही रेडिओवर बोलत नाही, टाइप करतो. मजकुराचे छोटे छोटे पुडे होऊन हवेतून जातात, म्हणून ह्याला पॅकेट रेडिओ म्हणतात. माझे पुडे बापूंच्या शेडवरून पुढं कोरेगावला जायचे.

ह्यासाठी लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं की रेडिओ कुठल्या दाराला जोडलाय. त्या दाराला पोर्ट म्हणायचं. एका फाईलमध्ये एका पोर्टची एक ओळ. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

*

पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर म्हणाला, चौथी ओळ समजत नाही. माझ्या फाईलमध्ये ओळी होत्या तीन, दोन शेऱ्यांच्या आणि एक पोर्टची! चौथी कोरी. तासभर डोकं फोडलं आणि शेवटी आप्पांना फोन केला.

आप्पांनी विचारलं, कर्सर चौथ्या ओळीच्या शेवटाला नेला तर किती पावलं चालतो? मी म्हटलं, एक.

"मग तितं एक स्पेस हाय, बाई. मोकळ्या जागंत काय नसतं असं समजू नका."

स्पेस पुसली. पोर्ट सुरू झाला.

*

बापूंना दोन पोर्ट हवे होते, एक शेडवर आणि एक घरी. दोन्हीला त्यांनी स्वतःचं एकच नाव दिलं. कॉम्प्युटर ऐकेना. बापू भडकले, माणूस एकच आहे तर दोन नावं कुठून आणू? आप्पांनी समजावलं की नाव तेच ठेवा, फक्त पुढं आकडा लावा. म्हणजे कोण कुठं ड्युटीवर आहे ते कळतं.

बापूंनी शेडला एक लावला, घराला दोन. मोठ्या कौतुकानं बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, दाखवायला नेलं. काकूंनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या.

"आन् घर दोन नंबरला व्हय?"

दुसऱ्या दिवशी बापूंनी आकडे बदलले. आप्पांनी कारण विचारलं तर म्हणाले, टेक्निकल प्रॉब्लेम होता.

*

एकदा बापू दोन दिवस आम्हाला हाका मारत होते आणि आम्हाला एक अक्षर पोचत नव्हतं. त्यांचा कॉम्प्युटर सांगत होता, पोर्ट जोडला आहे. फाईल तीनदा तपासली, लिनक्स पुन्हा टाकलं. तिसऱ्या दिवशी कळलं की शेड झाडताना कामाच्या बायकांनी रेडिओची वायर काढून नीट गुंडाळून खुंटीला अडकवली होती.

बापू म्हणाले, मग हे बेणं जोडलंय जोडलंय असं कशाला सांगत होतं? आप्पा शांतपणे म्हणाले, "त्याला फकस्त आपलं दार उगडलेलं कळतं. म्होरं कोण हाय का न्हाई, ते त्याला कुटलं कळतंय?"

*

रविवारी सकाळी सातला हजेरी असायची. नियम आप्पांचा. आधी कोरेगाव, मग तासगाव, मग सांगली. प्रत्येकानं आपलं गाव आणि 'हजर' एवढंच टाइप करायचं. आप्पा वहीत तिघांची नावं लिहून पुढं खूण करायचे. बापू एका बोटानं टाइप करतात, त्यामुळे माझी पाळी यायला चांगली तीन मिनिटं लागायची. तरी मी बहुतेक उशिराच! एकदा मी कारण लिहिलं, दूध उतू गेलं. कोरेगावहून उत्तर आलं, आधी गॅस बंद करा, मग हजर व्हा.

*

मग आप्पांच्या घरातली माणसं एकेक कमी झाली. त्यांच्या पत्नी गेल्या, मग आप्पांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना पुण्याला फ्लॅटवर नेलं. सोसायटीनं अँटेनाला साफ नकार दिला.

पहिल्या रविवारी सात वाजले. पडदा कोराच. बापूंची पाळी दुसरी, ते कोरेगावची वाट बघत बसलेले. मी दोघांची. पाच मिनिटांनी बापूंचं 'हजर' आलं आणि मला एकदम रडू आलं.

मिस्टर म्हणाले, त्यांना फोन कर की. केला. फोनवर आप्पा एकच प्रश्न विचारतात, "जेवलासा का?" सकाळी सात वाजताही. मला त्यांचा आवाज नको होता, पडद्यावर उमटणारी ती एक ओळ हवी होती. अजून हवी आहे.

तेव्हापासून सातचं पहिलं मिनिट आम्ही मोकळं ठेवतो. ठरवून नाही. बापू लिहीत नाहीत, मीही विचारत नाही.

*

परवा भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. रविवारी सकाळीच आप्पांकडे गेले. सूनबाईंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, बसा, पण सातची वेळ आहे, आत्ता ते बोलायचे नाहीत.

आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर लॅपटॉप. पडद्यावर लिहिलेलं, पोर्ट जोडला आहे. लॅपटॉपची करडी वायर खाली लोंबत होती आणि तिचं दुसरं टोक फरशीवर पडलेलं होतं.

सातला आप्पांनी टाइप केलं, कोरेगाव हजर. मग हात मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघत बसले.

"आता बापू," ते म्हणाले. आणि बापूंच्या एका बोटाला लागतो तेवढा वेळ थांबले.

मला राहवलं नाही. "आप्पा, वायर कशालाच जोडलेली नाही."

"ठावं हाय की."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी टाइप केलं, सांगली हजर.

आप्पांनी वही ओढली, तारीख घातली, तिन्ही नावं लिहिली आणि तिन्हींपुढं खूण केली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"आज येळंवर आलासा, बाई."