लाहोरला न गेलेला हेर

शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात यशवंत कांबळेच्या नावानं कमान उभी राहिली, तेव्हा त्याची बायको आक्काताई पंचाहत्तरीला आली होती. एकाहत्तरच्या लढाईत यशवंत हेरांचा म्होरक्या होता, असं तो गेल्यावर गावानं ठरवून टाकलं होतं. आक्काताईला विचारावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला पहिल्या रांगेत बसवून हातात नारळ मात्र दिला होता.

कोल्हापूरहून बोलावलेला वक्ता गळा फाडून सांगत होता, "तीन वर्षं हा वाघ मौलवीच्या वेशात लाहोरात राहिला! घरच्यांना तोंडसुद्धा दाखवलं नाही!"

टाळ्या पडल्या. आक्काताई उठली.

"पावणं, त्या तीन वर्सांत मला दोन पोरं झाली. ती कुणाची म्हणायची मग?"

वक्ता हातातले कागद चाळू लागला.

"आमचं मालक पठाणकोटात मिलिटरीच्या दवाखान्यात धोबी हुतं. जखमी पोरांच्या रक्तानं भिजल्याल्या चादरी धुऊन त्यांच्या हाताची सालं निघाल्ती. त्यावर बोला की! का धुण्याची लाज वाटत्या तुमास्नी?"

सरपंच हळूच म्हणाला, "आक्का, गुपित असतंय त्ये. बायकूलाबी सांगत न्हाईत."

"अकलंचं कांदं हायसा सगळी!" म्हणत तिनं नारळ त्याच्या मांडीत टाकला आणि घरची वाट धरली.

महिन्याभरात यशवंतावरची पुस्तिका छापून आली. गावानं आक्काताईचं अगदीच ऐकलं नाही, असं नव्हे. पुस्तिकेतला यशवंत दर वर्षी एकदा लाहोरहून गुपचूप गावी येऊन जात होता.