सोवळ्यातला मामा

एचआयव्ही असल्याचं कळलं, त्या दिवशी दवाखान्यात मला सगळं नीट समजावलं होतं. माझे कान बंद होते. घरी येऊन रोजच्या गोळ्या कपाटात लपवल्या आणि स्वतःची ताट-वाटी वेगळी केली. आईला सांगितलं, सोवळं पाळतोय. आरतीच्या वेळी मोबाइल चाळणाऱ्या मुलाने हे म्हणावं आणि आईने डोळे पुसावेत! बघता बघता आमच्या सुदामा नगरात माझ्या वैराग्याचा बोभाटा झाला. शेजारच्या काकू मला मुहूर्त विचारू लागल्या. मी दिलेही.

मग बहिणीच्या मुलीचं उष्टावण ठरलं. अन्नाचा पहिला घास मामाने भरवायचा, आणि मामा मी एकटाच. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हातमोजे घालून भरवलं तर चालेल?"

त्या बघतच राहिल्या. "अहो, ताट, घास, पापी, इससे कुछ नहीं होता. हा व्हायरस प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी मारतो, हळूहळू, सालोंसाल. इलाज नाही केला तर पुढे टीबी-वीबी घुसतात, त्या टप्प्याला एड्स म्हणतात. तुम्ही तिथे पोचलाच नाहीत. रोज गोळी घेताय, म्हणून व्हायरस इतका कमी झालाय की टेस्टमध्येही दिसत नाहीये. असंच राहिलं तर उद्या लग्न केलंत तरी बायकोला लागण होणार नाही. पण गोळी सोडली की तो परत उठणार, समझे?"

समजलं. कॉलेजात पोरांना 'आधी नीट वाचा' म्हणून झापणारा मी, खाली मान घालून बाहेर आलो.

पण बहिणीला अंधारात ठेवून तिच्या लेकीला भरवायला मन घेईना. उष्टावणाच्या सकाळी ती खीर ढवळत होती, तेव्हा सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान पाठ करून गेलो होतो. सीडी-फोरपर्यंत पोचायच्या आतच रडू फुटलं. मरणाची भीती केव्हाच गेली होती. आता घरचे पोरीला माझ्याकडे देणार नाहीत, याची भीती होती.

बहिणीने गॅस बंद केला.

"गोळी रोज घेतोस ना, दादा?"

"रोज."

"पक्का?"

"पक्का."

तिने डोळे पुसले, बाहेर जाऊन सगळ्यांसमोर पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि चांदीचा चमचा हातात दिला. पहिला चमचा मी पोरीच्या नाकावरच सांडला. दुसऱ्या वेळी बहिणीने माझं मनगट धरलं, आणि तो घास आम्ही दोघांनी भरवला.